खालचं टोक

“चालत राहा. मी बघतोय.”

बाबांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सात वर्षांची असेन. कमरेला वाखाचा भारा, दोन्ही चिमटीत त्याचे तंतू, तोंड चाकाकडे आणि पाय मागे मागे. दोरवाल्याच्या पोरांना मागे चालणं आधी येतं आणि पळणं नंतर, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. मागे काय आहे ते दिसत नाही. धोंडा असेल, कुणाची शेळी आडवी पसरली असेल. दिसतं ते एवढंच : चाक, आणि चाकाशी बसलेला माणूस. तो म्हणेल तेव्हा थांबायचं, तो म्हणेल तिकडे सरकायचं. मी रडवेली झाले की बाबा चाक न थांबवता तेच म्हणायचे. चालत राहा. मी बघतोय.

आता माझंही वय झालंय. दोरवाटेवर गवत माजलंय. पण पहाटे गवतावर दव असलं की दोनशे पावलांची ती पट्टी अजून वेगळी दिसते, जुन्या जखमेवरच्या कातडीसारखी.

घराच्या मागच्या भिंतीपासून थेट प्रार्थनाघराच्या कुंपणापर्यंत आमची दोरवाट. भिंतीशी चाक, चाकाला तीन आकडे. कुंपणाशी दगड लादलेली एक जड फळी. सूत काढताना चाकापासून मागे मागे जायचं. असे तीन पेड झाले की त्यांची पलीकडची टोकं फळीच्या आकड्याला अडकवायची आणि चाक फिरवायचं. पीळ चढला की दोर आखडतो, आणि आखडता आखडता ती दगडांची फळी आपोआप चाकाकडे सरकत येते. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. कुणी ओढत नाही, ढकलत नाही, तरी लांबचं जवळ येतं.

आई फणीवर वाख विंचरताना गायची :

“मागे मागे चाले त्याला, खाचखळगा दिसेना
चाकापाशी बसलेला, क्षणभरही निजेना.

लांब गेला माझा धागा, त्याला ओढू नये बाई
पीळ बसता बसता, तोच माघारी गं येई.”

आई लवकर गेली. गाणं तेवढं राहिलं, तेही आम्हा दोघांच्या तोंडी अर्धं अर्धं. पहिल्या दोन ओळी माझ्या, पुढच्या दोन धाकट्याच्या. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याला सगळे भिरभिऱ्या म्हणायचे. चाक फिरवता फिरवता त्याची नजर पाखरांमागे जायची आणि पेडाला गाठ बसायची. “हात इथं आणि डोळे आभाळात,” बाबा म्हणायचे, पण हसून.

*

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. उन्हाळ्याच्या अखेरीला विहिरींचं पाणी इतकं खोल गेलं की लोकांचे दोर पुरेनात. जो तो आमच्या दारात. “अजून दहा हात जोडून द्या.” “अजून पंधरा.” बाबांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. ते फणीवर बसायचे, मी चाकापासून फळीपर्यंत एकटी पळायची. चाकाला दगडाचं ओझं टांगून कसंबसं फिरवायची युक्ती मी काढली होती. बादलीचा दोर तसा निभतो.

प्रार्थनाघराची विहीर सगळ्यात खोल. तीही आटली तेव्हा गाळवाला आला. विहिरींचा गाळ उपसणं हा त्याचा धंदा. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. कुबडी काखेत, आणि तोंड सतत चालू.

“दोरवाले,” तो ओसरीवर टेकत बाबांना म्हणाला, “तुमच्याकडची एक जुनी वस्तू माझ्याकडं राहिली होती. परत करायला आलोय.”

त्यानं पोत्यातून एक तुकडा काढून बाबांच्या मांडीवर ठेवला. हातभर लांब, गाळानं काळा, कडक. “काल बादलीतून गाळाबरोबर वर आला. सोळा वर्षं खाली बसून होता लेकाचा. मी एक पाय दिला, ह्यानं तोही राखला नाही.”

मी फणीवरून वाख काढत होते. माझे हात थांबले.

बाबांनी तो तुकडा ओल्या फडक्यानं पुसला. गाळाखालून एक लाल धागा दिसला. मग ते बोटं फिरवायला लागले. एका टोकाला काळा, कुजका झुपका होता. त्याच्या मागे, जिथं तो झुपका चांगल्या वाखात जोडला होता, तिथं त्यांचं बोट थांबलं. पुढे गेलं. परत मागे आलं. तिथंच थांबलं.

“काय बघताय एवढं?” गाळवाला म्हणाला.

“काही नाही,” बाबा म्हणाले. “जोड बघतोय.”

*

आमच्यात बादलीचा दोर वेगळा आणि माणसाचा दोर वेगळा. ज्याला माणूस लटकणार त्या दोरात फक्त ह्या वर्षीचा, उन्हात दोनदा वाळलेला वाख. उरलासुरला, जुना, ओल लागलेला एक तंतूही नाही. आणि ओळख राहावी म्हणून मधोमध एक लाल धागा. तो धागा ओवताना बाबा डोक्यावरची टोपी काढायचे. “ह्या दोरात आपण कुणाचा तरी बाप वळतोय,” असं म्हणायचे.

सोळा वर्षांपूर्वी असाच गाळ काढायचा होता, ह्याच विहिरीचा. मी बावीसची, धाकटा विशीचा. शनिवार होता. बाबा तापानं पडलेले, म्हणून तीन पेड आम्हीच काढले, दोन त्यानं, एक मी. संध्याकाळी प्रार्थनाघरात गाण्याची तयारी होती, आणि पहिलं कडवं मला एकटीला दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. माझा पेड संपत आला आणि वाख कमी पडला. वीसेक हातांपुरता. धाकट्यानं आणलेले सगळे भारे संपले होते. तो म्हणाला, “थांब, मी माळ्यावरून नवा घेऊन येतो,” आणि गेला. गेला तो गेलाच. भिंतीवर कुठलं पाखरू दिसलं असेल. खोपटाच्या कोपऱ्यात मागच्या वर्षीचा एक भारा होता, खालून ओल लागलेला, उंदरांनी कुरतडलेला. वरून बरा दिसत होता. मी त्यातलाच मूठभर ओढला, चांगल्या वाखात घेतला आणि पेड पुरा केला. धाकटा नवा भारा खांद्यावर घेऊन आला तेव्हा मी केस विंचरत होते.

“झालं?” तो म्हणाला.

“झालं,” मी म्हणाले.

सोमवारी दोर तुटला.

वरचा तुकडा सगळ्यांनी पाहिला. त्यातून काळा वाख लोंबत होता. बाबा तापातच उठून खोपटात आले आणि आम्हा दोघांसमोर उभे राहिले. “कुणी घातला?” एवढंच विचारलं. मी फणीच्या खिळ्यांकडे बघत राहिले. एक वाक्य होतं, जिभेच्या टोकावर. तेवढ्यात धाकटा म्हणाला, “भारे सगळे मीच आणले होते. माझ्याकडूनच झालं असेल.”

आयुष्यभर जे काही सांडलं, फुटलं, हरवलं ते त्याच्याच हातून, असं त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. बाबांनी त्याला बोट लावलं नाही. नुसते खाली बसले. गाळवाल्याचा पाय कापला त्या दिवशी धाकटा दिवसभर चाकाशी बसून होता, चाक न फिरवता.

पहिल्या दिवशी ते एक वाक्य होतं. आठवड्यात त्याचा धोंडा झाला, वर्षात डोंगर. प्रार्थनाघरात बाकावर धाकटा बसला की शेजारचे सरकून बसायचे. मग तो यायचाच बंद झाला. मग प्यायला लागला. मग एका सकाळी अंथरूण घडी घालून ठेवलेलं दिसलं, जे त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं, हा गेला.

आणि मी राहिले. लग्न केलं नाही. बाबांचं केलं, दोर वळले, प्रार्थनाघर झाडलं. “पोरगी कशी असावी, तर दोरवाल्याच्या थोरलीसारखी,” असं बायका माझ्यासमोरच म्हणायच्या. मी मान खाली घालायची. त्यांना तो विनय वाटायचा.

*

जोड म्हणजे आमच्या धंद्यातलं हस्ताक्षर. वाख वाखात कसा घेतला, कुठल्या अंगानं दाबला, ह्यावरून वळणारा कळतो. धाकटा आणि बाबा उजव्या हाताचे. मी डावखुरी. सगळ्या गावात दोर वळणारं डावखुरं माणूस मी एकटी. वरच्या तुकड्यात नुसता कुजका वाख होता. जोड होता खालच्या टोकात, आणि ते पाण्यात राहिलं होतं.

त्या संध्याकाळी बाबांनी तो तुकडा शास्त्राच्या पोथीशेजारी भिंतीतल्या फळीवर ठेवला. मी ताट वाढलं. ते जेवले. मला वाटलं आता विचारतील. आता. त्यांनी पाणी मागितलं.

जेवणानंतर मी रोज त्यांना शास्त्र वाचून दाखवायची. “आज हरवलेल्यांचं वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं. शंभरातलं एक मेंढरू रानात चुकतं, मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून त्याच्यासाठी निघतो आणि खांद्यावर घालून आणतो. मग एका बाईच्या दहा नाण्यांतलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. मी पुढे बापलेकांच्या गोष्टीकडे निघाले तेव्हा बाबांनी हात वर केला.

“मेंढरू कुठं हरवलं?”

“रानात.”

“आणि नाणं?”

“घरात.”

“घरातच,” बाबा म्हणाले. “उंबरासुद्धा ओलांडला नाही बिचाऱ्यानं. मला इतकी वर्षं वाटायचं, ही गोष्ट मध्ये कशाला घातली? मेंढरू झालं, पोरगा झाला, पुरे की. आता डोळे गेल्यावर कळतंय.” ते जरा हसले. “आणि मेंढरू ओरडतं तरी. नाणं ओरडतही नाही.”

चिमणीची काच काळी झाली होती. मी ती पुसायला घेतली, उगाच.

“बाबा, देवाला सगळं आधीच ठाऊक असतं ना?”

“असतं.”

“मग कुणी सांगायचं कशाला?”

“त्याला कळावं म्हणून नाही गं,” बाबा म्हणाले. “त्यानं तर कधीच माफ केलेलं असतं. वाट बघत चाकाशी बसलेला असतो. पण जो पार त्या टोकाला एकटा उभा आहे, त्याला हे कळणार कसं? त्याला चालत यावं लागतं.”

मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, “तेल संपत आलंय.”

“उद्या घाल,” बाबा म्हणाले.

*

दोन दिवसांनी गाळवाला परत आला. “मला माणसाचा दोर हवा,” तो म्हणाला. “तुमची वाट पुरेल तेवढा लांब.”

“खाली कोण उतरणार?” मी विचारलं.

“मी.”

“एका पायानं?”

“खाली काय नाचायचंय? लटकायचंच तर आहे. आणि झरा कुठल्या कपारीत आहे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत? दोन तास त्याच्यावरच पडून होतो.” तो बाबांकडे वळला. “दोर ह्याच घरचा हवा. दुसरीकडचा घेऊन उतरलो तर गाव म्हणेल, गाळवाल्यानं मनात ठेवलं.”

“माणसाचा दोर एकटीला होत नाही,” मी म्हणाले. “चाकाशी माणूस लागतो.”

“मग माणूस आणतो,” तो म्हणाला. मग कुबडीनं जमीन उकरायला लागला. “दोरवाले, तुमचा भिरभिऱ्या दर वर्षी माझ्याकडं येतो. दोर तुटला त्याच महिन्यात. गावात शिरत नाही, वेशीबाहेर माझ्या झोपडीवर येतो. माझा हा खुंट तेलानं चोळून देतो, एक अक्षर बोलत नाही, आणि जातो. पहिल्याच वर्षी मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी तुला सोडलं, तूही आता स्वतःला सोड. ऐकत नाही. मला शपथ घातली होती, घरी सांगायचं नाही म्हणून. इतकी वर्षं पोट दुखलं माझं. आज मोडली शपथ. घालू दे देवाला काय दंड घालायचाय तो.”

बाबा आवाजाच्या दिशेनं पुढे सरकले. “कुठं असतो?”

“दगडाच्या खाणीवर. पितो कमी आता. केस पिकलेत.”

बाबा म्हणाले, “त्याला म्हणावं, चाक मोकळं आहे.”

*

तो आला त्या दुपारी आम्ही वाख भिजवत होतो. मातीच्या कुंडीत चार घागरी पाणी होतं. ते मी पहाटेपासून रांगेत उभी राहून आणलं होतं. बाबांनी अचानक मान वर केली.

“कोण येतंय?”

मला काही दिसत नव्हतं. दोरवाटेच्या पार टोकाला, कुंपणापाशी, ऊन नुसतं हलत होतं. मग त्या हलण्यात एक माणूस उभा आहे असं दिसलं. तो आत येत नव्हता.

“डावा पाय घासतोय,” बाबा म्हणाले. “लहानपणापासून घासतो.”

आणि ते उठले. काठी न घेता. ज्या माणसाला ओसरीवरून उतरायला माझा खांदा लागायचा, तो सत्तरीचा माणूस दोरवाटेवरून धावला. धावताना कुंडीला आपटला, कुंडी कलंडली, चारही घागरी पाणी मातीत गेलं. ते पडले, उठले, पुन्हा धावले. तोंड पुढे करून. आमच्या वाटेवर मी कुणाला असं पुढे धावताना पाहिलं नव्हतं.

खरं सांगते, मला राग आला. माझ्याकडे कुणी कधी असं धावलं नव्हतं. मग वाटलं, धावणार कुठं? मी गेलेच कुठं होते?

धाकटा काहीतरी म्हणत होता. वाटेभर पाठ करून आणलेलं असावं. “बाबा, मी ह्या घरात पाऊल ठेवायच्या...”

“आधी हात दाखव,” बाबा म्हणाले. त्यांनी त्याचे तळवे चाचपले, घट्टे, भेगा, खाणीत चेचलेलं एक नख. “दगडाचा हात झालाय. चाक धरवेल ना?”

धाकट्यानं मान हलवली. मग बाबांना दिसत नाही हे लक्षात येऊन “हो” म्हणाला, आणि तो “हो” म्हणताना फुटला.

माझ्याजवळ आला तेव्हा खाली वाकून माझ्या पायांना हात लावायला लागला. “ताई, तू सांभाळलंस सगळं.”

मी पाय मागे घेतले. “पाणी सांडलं,” मी म्हणाले. “मी आणते.” आणि घागर घेऊन निघाले.

*

तीन दिवस आम्ही वळत होतो. पहिल्या दिवशी वाख विंचरला, एकेक मूठ उन्हात धरून बघितली. दुसऱ्या दिवशी पेड काढले. धाकटा चाकाशी, मी मागे मागे. इतक्या वर्षांत त्याचा हात जड झाला होता, पण लय तीच. एकदा एक पाखरू चाकावरून गेलं. त्यानं मान वर केली नाही. ते बघून मला रडू आलं.

आईचं गाणं मी अर्धं म्हटलं आणि थांबले. पलीकडून काही आलं नाही. नुसती चाकाची करकर.

तिसऱ्या दिवशी तीन पेड एकत्र घ्यायचे. हे काम उलटं. तीन खाचांचा लाकडी ठोकळा पेडांत धरून फळीपासून चाकाकडे चालत यायचं, म्हणजे मागे दोर बनत जातो आणि पुढे पेड संपत जातात. सूत काढणारा मागे जातो, दोर बांधणारा समोर येतो. बाबांनी टोपी काढून लाल धागा मध्ये ओवला. गाळवाला कुंपणाला टेकून बघत होता. “नीट वळा,” तो म्हणाला. “माझ्याकडं आता एकच उरलाय.”

बाबा चाकाशेजारी बसले, एक तळवा ताणलेल्या पेडांवर ठेवून. पेडांतून त्यांना माझं पाऊलन्‌पाऊल कळत होतं.

मी निघाले. ठोकळ्यामागे दोर वळत होता, घट्ट, गोल. मागून दगडांची फळी मातीत घसटत माझ्या मागोमाग येत होती. शंभर पावलं. धाकट्याचा चेहरा हळूहळू मोठा होत होता. कानशिलं पांढरी. डोळ्यांखाली खाणीची धूळ बसून कायमच्या रेघा पडलेल्या. पस्तीस-छत्तीसचा माणूस आणि म्हाताऱ्यासारखा वाकलेला. ते वाकणं माझं होतं. मी घातलेलं.

दीडशे पावलांवर माझे पाय थांबले.

ठोकळा थांबला की पीळ एका जागी साचतो. तिथं दोर दुमडतो, आणि माणसाचा दोर असेल तर पुरा टाकून द्यावा लागतो. चाक फिरत होतं. पेड ठोकळ्यात थरथरायला लागले.

“ताई?” धाकटा म्हणाला.

बाबांचा तळवा पेडांवर होता. त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. पांढुरके, काही न दिसणारे डोळे नेमके माझ्यावर.

“ये,” ते म्हणाले. “चालत राहा. मी बघतोय.”

मी निघाले. चाळीस पावलं. तीस. धाकट्यानं अगदी हळू, श्वासाखाली, त्याच्या वाटणीच्या ओळी म्हणायला सुरुवात केली. लांब गेला माझा धागा. वीस. दहा. मग पेड संपले. ठोकळा चाकाच्या आकड्यांना टेकला आणि आमच्या दोघांत हातभरही अंतर उरलं नाही. त्याच्या घामाचा वास आला. लहानपणचाच.

“छान झाला गं,” दोराकडे बघत तो म्हणाला. “डाव्या हाताचा पीळ. अजून तसाच आहे तुझा.”

“बाळा,” मी म्हणाले. आई त्याला तसं म्हणायची, मी कधी म्हटलं नव्हतं. “तू माळ्यावर गेला होतास त्या शनिवारी, नवा भारा आणायला. मला गाण्याला जायचं होतं. मी थांबले नाही. कोपऱ्यातला ओला वाख मी घातला. तू नाही घातलास. कधीच नव्हता घातलास. मी घातला.”